नवसारीची लढाई आणि पर्यायी इतिहास : आठव्या शतकातील अरब विस्ताराचा तौलनिक विचार

प्रस्तावना :

‘इतिहासात जर-तरला स्थान नसते’ हे वाक्य इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी ऐकलेले असते. तरीही जर-तरचा मोह इतिहासकारांना आणि वाचकांना आजवर सुटलेला नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न महाराष्ट्रात अडीच शतकांहून अधिक काळ विचारला जात आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत त्याच प्रश्नाला वाङ्मयीन रूप दिले. युरोपात हेच स्थान पॉइटिये येथील लढाईला आहे. इ.स. ७३२ मध्ये चार्ल्स मार्टेल या फ्रँक सरदाराने अब्द अल्-रहमान अल्-गाफिकी याच्या अरब-बर्बर सैन्याचा पराभव केला. या लढाईचा निकाल उलटा लागला असता तर ऑक्सफर्डच्या विद्यापीठात कुराणाचे अध्यापन झाले असते, अशी कल्पना एडवर्ड गिबन याने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील आपल्या ग्रंथाच्या बावन्नाव्या प्रकरणात, इ.स. १७८८ मध्ये मांडली. तेव्हापासून मध्ययुगीन युरोपातील मुस्लिम विस्ताराचा ‘पर्यायी इतिहास’ हा पाश्चात्त्य लेखकांचा आवडता विषय ठरला. इ.स. १९३१ मध्ये जे. सी. स्क्वायर यांनी संपादित केलेल्या जर-तरच्या निबंधसंग्रहातही स्पेनमधील मूर विजयी झाले असते तर काय घडले असते, यावर फिलिप गेडाला यांचा स्वतंत्र लेख आहे.

पॉइटियेनंतर अवघ्या सात वर्षांच्या आत, त्याच खलीफाच्या कारकिर्दीत, त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला एक तशीच लढाई झाली. ती दक्षिणापथाच्या वेशीवर, नवसारी येथे झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला क्वचितच एखादे वाक्य मिळते. अलीकडे मात्र जाहीर व्याख्यानांतून व समाजमाध्यमांतून तिचा उल्लेख वाढला असून, तो बहुधा ‘ही लढाई हरलो असतो तर दक्षिण भारत संपला असता’ अशा स्वरूपाचा असतो. हे विधान गिबनच्या कल्पनेचेच भारतीय रूप होय. प्रस्तुत लेखात या विधानाची इतिहासशास्त्राच्या निकषांवर तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. कळंबोली-पनवेल हा परिसर उत्तरेस ठाणे आणि दक्षिणेस चौल या दोन प्राचीन बंदरांच्या मधल्या पट्ट्यात येतो. त्यामुळे उत्तर कोकणातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न स्थानिक इतिहासाचाही आहे.

पर्यायी इतिहासाची अभ्यासपद्धती :

ई. एच. कार यांनी इ.स. १९६१ मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानमालेत जर-तरच्या विचाराला दिवाणखान्यातील करमणूक ठरविले. त्यांच्या मते जे घडले त्याची कारणे शोधणे हेच इतिहासकाराचे काम होय. परंतु मॅक्स वेबर यांनी त्यापूर्वीच, इ.स. १९०६ मध्ये, एक महत्त्वाचा मुद्दा मांडला होता. एखादी घटना दुसऱ्या घटनेचे ‘कारण’ आहे असे म्हणताना ती घटना घडली नसती तर परिणाम वेगळा झाला असता, असे आपण मनोमन गृहीत धरत असतो. म्हणजेच प्रत्येक कार्यकारणविधानाच्या पोटात एक जर-तर दडलेला असतो. तो उघड करून तपासणे हे न तपासता वापरण्यापेक्षा केव्हाही अधिक शास्त्रीय ठरते. नील फर्ग्युसन यांनी इ.स. १९९७ मध्ये याला आणखी एक मर्यादा घातली. त्या काळातील माणसांनी ज्या पर्यायांचा प्रत्यक्ष विचार केला होता, तेवढेच पर्याय इतिहासकाराने विचारात घ्यावेत.

या चर्चेच्या आधारे येथे तीन निकष स्वीकारले आहेत. पहिला, पर्याय समकालीन साधनांतून सूचित झालेला असावा. दुसरा, एका वेळी एकच घटना बदलावी. भूगोल, अर्थव्यवस्था व इतर आघाड्यांवरील परिस्थिती आहे तशीच ठेवावी. तिसरा, निकटचे परिणाम तपासावेत. शतकानुशतके पुढे जाऊन भविष्य रचू नये. गिबनची कल्पना तिसऱ्या निकषावर टिकत नाही. नवसारीचे काय होते, ते आता पाहू.

ठाणे ते नवसारी : इ.स. ६३६ ते ७३९

अरब सत्तेचा पश्चिम भारताशी पहिला लष्करी संबंध समुद्रमार्गे आला, आणि तोही ठाण्याशी. नवव्या शतकातील इतिहासकार अल्-बलाझुरी याच्या वृत्तान्तानुसार खलीफा उमर याच्या काळात, इ.स. ६३६ च्या सुमारास, बहरीन व ओमानचा सुभेदार उस्मान बिन अबी अल्-आस याने ठाण्यावर आरमार पाठविले. त्याच्या भावांनी भडोच व देबल येथेही मोहिमा केल्या. दक्षिणेत त्या वेळी दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. विशेष म्हणजे ही मोहीम खलीफाच्या परवानगीविना झाली होती, आणि समुद्रावर माणसे धोक्यात घातल्याबद्दल उमरने सुभेदाराची कठोर कानउघाडणी केली. अरब सत्तेसमोर कोकणचा सागरी पर्याय अगदी आरंभापासून होता, आणि मध्यवर्ती सत्तेने तो जाणीवपूर्वक नाकारला, हे यावरून दिसते.

पुढील विस्तार जमिनीवरून झाला. इ.स. ७११ मध्ये तारिक बिन झियाद स्पेनमध्ये उतरला आणि इ.स. ७१२ मध्ये मुहम्मद बिन कासिमशी लढताना सिंधचा राजा दाहिर मारला गेला. साम्राज्याची दोन्ही टोके जवळजवळ एकाच वर्षी वाढली. सिंधचा सुभेदार जुनैद याने इ.स. ७२३ नंतरच्या काही वर्षांत मारवाड, माळवा व भडोचपर्यंत स्वाऱ्या केल्या. भडोचच्या गुर्जर घराण्यातील चौथा जयभट याच्या इ.स. ७३६ च्या ताम्रपटात वलभी येथे ताजिकांचा पराभव केल्याचा दावा आहे. ‘ताजिक’ हा शब्द त्या काळी अरबांसाठी वापरला जात असे.

यानंतरचा टप्पा नवसारीचा होय. बदामीच्या चालुक्यांच्या लाट शाखेतील अवनिजनाश्रय पुलकेशी याचा कलचुरी संवत ४९० चा, म्हणजे इ.स. ७३९ चा, ताम्रपट या लढाईचे मुख्य साधन आहे. सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य व गुर्जर या राजांना जिंकून दक्षिणापथात शिरण्याच्या इच्छेने आलेले ताजिक सैन्य प्रथम नवसारीवर आले आणि तेथे त्याचा पराभव झाला, असे त्यात वर्णन आहे. या विजयाबद्दल सम्राट दुसरा विक्रमादित्य याने पुलकेशीला ‘दक्षिणापथसाधार’, ‘चालुक्यकुलालंकार’, ‘पृथ्वीवल्लभ’ आणि ‘अनिवर्तकनिवर्तयितृ’ ही बिरुदे दिली. यातील शेवटच्या बिरुदाचा अर्थ ‘मागे न फिरणाऱ्यांना मागे फिरविणारा’ असा आहे. पराभूत पक्षाची बाजू मात्र उपलब्ध नाही. अल्-बलाझुरीच्या ग्रंथात या लढाईचा उल्लेख येत नाही. ताम्रपट ही राजप्रशस्ती असल्याने तिच्यातील अतिशयोक्ती वजा करूनच तिचा उपयोग करावा लागतो. तथापि शत्रूचे उद्दिष्ट दक्षिणापथ होते, असे समकालीनांना वाटत होते, एवढे यातून निश्चित होते. आपला पहिला निकष येथे पूर्ण होतो.

नवसारीत पराभव झाला असता तर :

आता एकच घटना बदलून पाहू. पुलकेशीचे सैन्य मोडले आणि नवसारी अरबांच्या हाती पडली असे मानले, तर पुढे काय शक्य होते?

पहिला प्रश्न मार्गाचा आहे. नवसारीहून दक्षिणेकडे जाण्यास दोन वाटा होत्या. किनाऱ्याच्या वाटेवर अंबिका, पार, दमणगंगा, वैतरणा, उल्हास या नद्या आणि त्यांच्या खाड्या आडव्या येतात. उत्तर कोकणात राहणाऱ्या कोणालाही हे सांगण्याची गरज नाही की, येथे दर काही कोसांवर जमीन संपते आणि पाणी सुरू होते. घोडदळावर आधारलेल्या सैन्यासाठी ही वाट अतिशय प्रतिकूल होती. दुसरी वाट थळघाट किंवा नाणेघाट चढून देशावर जाणारी. घाटमाथ्यावरील थोड्या सैन्यालाही अशी वाट रोखता येते. शिवाय जून ते सप्टेंबर हे चार महिने दोन्ही वाटा जवळजवळ बंद असत.

दुसरा प्रश्न प्रतिकारशक्तीचा आहे. नवसारीची लढाई चालुक्यांच्या एका शाखेने लढली; बदामीच्या सम्राटाची स्वतःची सत्ता त्या पलीकडे शाबूत होती. दुसऱ्या विक्रमादित्याने पल्लवांची कांची जिंकून तेथील कैलासनाथ मंदिरात आपला लेख कोरविला होता. लाट प्रदेश गमावूनही दख्खनची मुख्य लष्करी ताकद शिल्लक राहिली असती.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अरब सत्तेच्या स्वतःच्या अवस्थेचा आहे. जुनैदनंतरच्या सुभेदाराच्या काळात भारतातील अनेक ठिकाणे अरबांना सोडावी लागली. पुढचा सुभेदार अल्-हकम याला आपल्या माणसांसाठी सुरक्षित आश्रयस्थान म्हणून अल्-महफूझा हे नगर वसवावे लागले. इ.स. ७४० च्या सुमारास तो स्वतः मारला गेला. ज्या सत्तेला सिंधमध्येच आसऱ्याचे नगर बांधावे लागते, ती दक्षिणापथावर कायमचा अंमल बसवू शकली असती, असे मानण्यास आधार नाही.

समुद्राचा पर्यायही पुढे अजमावला गेला. इ.स. ७७६ मध्ये खलीफा अल्-महदी याने गुजरातच्या किनाऱ्यावर आरमारी मोहीम पाठविली. तिला आरंभी यश मिळाले. परंतु साथीच्या रोगाने असंख्य सैनिक दगावले आणि परतीच्या प्रवासात वादळाने जहाजे फुटली.

यावरून निकटचा संभाव्य परिणाम असा दिसतो : नवसारी-भडोच पट्ट्यात काही काळ खंडणी वसूल करणारे ठाणे किंवा मन्सूरा व मुलतानप्रमाणे हळूहळू स्वायत्त होणारे एखादे छोटे राज्य निर्माण झाले असते. दक्षिण भारत ‘संपण्याची’ शक्यता या मांडणीत कोठेही दिसत नाही. बदल झालाच असता तर तो दख्खनच्या अंतर्गत राजकारणात. नवसारीच्या विजयाने चालुक्यांच्या मांडलिकांची प्रतिष्ठा वाढली. राष्ट्रकूट दंतिदुर्ग हा या लढाईत पुलकेशीच्या बाजूने लढला असावा, असे काही अभ्यासक मानतात. त्याच दंतिदुर्गाने इ.स. ७५३ च्या सुमारास चालुक्यांचे सार्वभौमत्व संपविले. लाट प्रदेशात चालुक्यांचा पराभव झाला असता तर हे सत्तांतर कदाचित आधी घडले असते, कदाचित वेगळ्या घराण्याच्या हातून घडले असते.

पॉइटिये : साम्य आणि भेद

युरोपचे उदाहरण या निष्कर्षाला पुष्टी देते. पॉइटियेच्या विजयाने अरब फ्रान्समधून हटले, असा समज रूढ आहे. वस्तुतः त्यानंतरही आर्ल व आव्हिन्यो परिसरात त्यांच्या हालचाली चालू राहिल्या आणि नार्बोन हे शहर इ.स. ७५९ पर्यंत त्यांच्याकडेच होते. पुढील काळात इटलीतील बारी येथे इ.स. ८४७ ते ८७१ एक अमिरात टिकली, तर प्रोव्हान्समधील फ्राक्सिनेटम येथे नवव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे इ.स. ९७२ पर्यंत मुस्लिम तळ होता. म्हणजे ‘पर्यायी इतिहास’ ज्याची कल्पना करतो, ते छोट्या प्रमाणावर प्रत्यक्ष घडलेही. त्यातून युरोपचे रूपांतर झाले नाही. स्थानिक सत्ताकारणात आणखी एका भागीदाराची भर पडली, एवढेच.

मग विस्तार थांबला कशाने? पॉइटिये आणि नवसारी या दोन्ही लढाया खलीफा हिशाम याच्या कारकिर्दीत (इ.स. ७२४ ते ७४३) झाल्या. याच काळात इ.स. ७३० मध्ये अर्दबील येथे खझरांनी अरब सैन्याचा धुव्वा उडविला. इ.स. ७३१ मध्ये समरकंदजवळच्या डोंगरखिंडीत तुर्गेश तुर्कांनी मोठी हानी केली. तेथील सेनापती पूर्वी सिंधचा सुभेदार असलेला जुनैदच होता. इ.स. ७४० मध्ये आक्रोइनॉन येथे बायझंटाईन सम्राट विजयी झाला आणि त्याच वर्षी उत्तर आफ्रिकेत बर्बरांचे प्रचंड बंड उसळले. सर्व आघाड्यांवर एकाच वेळी लढण्याने उमय्यद सत्ता आतून पोकळ झाली, असा सिद्धान्त खालिद याह्या ब्लँकिनशिप यांनी इ.स. १९९४ मध्ये मांडला. इ.स. ७५० मध्ये अब्बासी क्रांतीने ती सत्ता कोसळली. या दृष्टीने पाहता नवसारी हा एकट्याने इतिहास वळविणारा क्षण ठरत नाही. ती ताणल्या गेलेल्या साम्राज्याच्या अनेक तुटणाऱ्या टोकांपैकी एक होती. यामुळे पुलकेशीच्या पराक्रमाला उणेपणा येत नाही. त्याचे योग्य स्थान मात्र निश्चित होते.

आणखी एक साम्य लक्षणीय आहे. स्पेनमध्ये इ.स. ७५४ मध्ये लिहिलेल्या लॅटिन बखरीत पॉइटियेच्या विजयी सैनिकांना ‘युरोपीय’ म्हटले आहे. नवसारीच्या विजेत्याला ‘दक्षिणापथाचा आधार’ म्हटले गेले. दोन्ही ठिकाणी विजयाच्या स्मरणातून प्रदेशाची जाणीव व्यक्त झाली आहे. शत्रूची ओळखही ‘ताजिक’ अशी वांशिक शब्दाने दिली आहे. या शब्दाचे पुढे काय झाले, ते अधिक उद्बोधक आहे.

प्रत्यक्षात घडलेला पर्याय :

नवसारीनंतर १८७ वर्षांनी, शके ८४८ मध्ये म्हणजे इ.स. ९२६ मध्ये, त्याच किनाऱ्यावर पुन्हा एका ताम्रपटात ‘ताजिक’ हा शब्द आढळतो. आजच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला हा ताम्रपट राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातील आहे. दि. चं. सरकार यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. त्यानुसार संयान मंडलाचा, म्हणजे संजाण प्रदेशाचा, कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे होता. त्याला हा अधिकार दुसऱ्या कृष्णाकडून मिळाला होता. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप होय. त्याने किनाऱ्यावरील बंदरे आपल्या सम्राटासाठी जिंकली, नदी ओलांडण्यासाठी विनामूल्य नावेची सोय केली आणि साळीचा भात, कालवण व तूप देणारे अन्नसत्र चालविले. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठिकेला सम्राटाच्या संमतीने भूमिदानही त्यानेच दिले.

इ.स. ७३९ मध्ये ज्यांना नवसारीहून मागे फिरविले, त्यांच्याच वंशसंज्ञेने ओळखला जाणारा एक अधिकारी दोन शतकांच्या आत संजाणचा कारभार पाहतो, तोही दख्खनच्या राजाचा मांडलिक म्हणून. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्या कोणत्याही लेखकाने असे कथानक रचले असते, तर आपण ते अशक्य कोटीतील मानले असते.

हे एकमेव उदाहरणही नव्हे. इ.स. ८५१ मधील अरबी प्रवासवृत्तात राष्ट्रकूट राजाचा ‘बलहरा’ म्हणजे वल्लभराज असा उल्लेख असून, तो अरबांशी स्नेहाने वागतो, तर गुर्जर राजा त्यांचा शत्रू आहे, असे म्हटले आहे. अल्-मसूदी हा इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तेथे शिलाहार झंझ याची सत्ता होती. सुमारे १०,००० मुस्लिम चौलमध्ये राहत असल्याचे त्याने नोंदविले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदादचे लोक होते आणि येथेच जन्मलेले ‘बयासिरा’ही होते. या समाजाच्या अंतर्गत बाबी पाहण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच प्रमुख नेमलेला असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत.

युरोपातही अशीच गुंतागुंत होती. अक्विटेनचा ड्यूक ओडो याने आपली मुलगी मुनूझा या बर्बर सरदाराला दिली होती आणि इ.स. ७७८ मध्ये शार्लमेनने स्पेनवर केलेली स्वारी तेथील मुस्लिम सुभेदारांच्या निमंत्रणावरून होती. दोन्ही ठिकाणी राजकीय हितसंबंधांची रेषा धर्माच्या रेषेवरून जात नव्हती.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) नवसारीची लढाई ही दख्खनच्या इतिहासातील महत्त्वाची घटना असून तिला अभ्यासक्रमात स्थान मिळणे आवश्यक आहे. तथापि ‘ती हरलो असतो तर सर्वनाश’ हे विधान पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही.

२) अरब विस्तार पश्चिमेस व पूर्वेस एकाच दशकात थांबला. एकेका रणांगणापेक्षा साम्राज्याचा अतिताण, भौगोलिक अडथळे आणि अंतर्गत बंडे ही त्याची प्रधान कारणे होत.

३) अरब तलवारीने जे दक्षिणापथात साध्य झाले नाही, ते व्यापारी गलबतांनी स्थानिक राजांच्या संमतीने साध्य केले. चौल व संजाण ही त्याची साक्ष होय.

४) पर्यायी इतिहास हे वर्गाध्यापनाचे उपयुक्त साधन ठरू शकते. मात्र त्यासाठी बदल कोणता, तो कोणत्या साधनावर आधारलेला आणि परिणाम किती काळापुरते, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घ्यावेत.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. भयाच्या जर-तरमध्ये एक मोठी उणीव असते. काय गमावले असते याची मोजदाद करताना प्रत्यक्षात काय घडले, याकडे त्याचे दुर्लक्ष होते. नवसारीचा ताम्रपट अभिमानाने वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती चिंचणीचा ताम्रपटही दिला पाहिजे. एकाच किनाऱ्यावरील, एकाच शब्दाने जोडलेले हे दोन लेख एकत्र वाचल्याशिवाय आपल्याच प्रदेशाचा इतिहास पुरता कळणार नाही.